पडद्यापुढून पडद्यामागे



पुणे जिल्ह्यातील बारामती तालुक्यात कऱ्हा नदीच्या काठी मोरगाव नावाचे गाव आहे. तेथील मयूरेश्वराचे देऊळ प्रसिद्ध आहे. अष्टविनायकांच्या यात्रेची सुरुवात याच देवळापासून करतात. देवळाच्या चार कोपऱ्यांवर चार मिनार आहेत. त्यामुळे लांबून येणाऱ्या नवख्या माणसाला हे देऊळ आहे की मशीद, असा क्षणभर प्रश्न पडतो. पण आज आपल्याला देवळात जायचे नाही. गावाबाहेरच्या माळावर जायचे आहे.

हा पाऊस कमी पडणारा मुलूख आहे. कालव्याचे पाणी जेथे पोहोचले तेथे ऊस डोलतो, आणि जेथे पोहोचले नाही तेथे पिवळे गवत, बाभळी आणि दगड. जवळच सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे. तेथील गवताळ रानात चिंकारा हरणे राहतात. या माळावर उभे राहिलात, तर एखादे वेळी तुम्हांला मेंढ्यांचा कळप दिसेल. मागे डोक्याला मुंडासे, खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेतलेला धनगर दिसेल. दिवाळीनंतर यांतले काही जण कुटुंबकबिल्यासह कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याच्या सुमारास परत येतात.

आता असे करा. दोन्ही हातांची बोटे जुळवून डोळ्यांसमोर एक चौकोन धरा आणि त्यातून पाहा. चौकोनात काय घ्याल? सगळा कळप घ्याल, की धनगराचा फक्त चेहरा? की नुसता रिकामा माळ घ्याल आणि त्यात एका कोपऱ्यात तो माणूस मुंगीएवढा दिसू द्याल? तुम्ही जे ठरवाल, ते चित्रपटाच्या दिग्दर्शकाचे पहिले काम झाले.

उर्दूत ज्याला तुम्ही 'हिदायतकार' म्हणता, त्याला मराठीत 'दिग्दर्शक' म्हणतात. शब्द थोडा अवघड वाटेल. पण फोड केली की सोपा होतो. 'दिक्' म्हणजे दिशा आणि 'दर्शक' म्हणजे दाखवणारा. जो दिशा दाखवतो तो दिग्दर्शक. आणि 'अदाकार' म्हणजे अभिनेता किंवा नट. या पाठात अशा एका माणसाची ओळख करून घ्यायची आहे, जो नट म्हणून देशभर लोकप्रिय झाला आणि मग स्वतःच्या इच्छेने दिग्दर्शक झाला. त्यांचे नाव अमोल पालेकर.

अमोल पालेकर यांचा जन्म 24 नोव्हेंबर 1944 रोजी मुंबईत एका मध्यमवर्गीय मराठी कुटुंबात झाला. घरात कोणी नट नव्हते. त्यांना चित्रकार व्हायचे होते. म्हणून त्यांनी मुंबईच्या प्रसिद्ध जे. जे. कला महाविद्यालयात शिक्षण घेतले. त्यांच्या चित्रांची प्रदर्शनेही भरली. पण केवळ चित्रे काढून घर चालवणे त्या काळीही कठीण होते आणि आजही कठीणच आहे. त्यांनी बँक ऑफ इंडियामध्ये नोकरी धरली. दिवसा बँकेतील खातेवह्या आणि संध्याकाळी रंग व कुंचला, असा त्यांचा क्रम होता.

नाटकाशी त्यांची गाठ पडली ती योगायोगाने. ओळखीची माणसे नाटकाच्या तालमी करीत, म्हणून ते तालमी पाहायला जात असत. तालीम हा शब्द तुमच्याच घरचा आहे. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र नाटकाच्या सरावाला तालीम म्हणतात आणि कुस्तीच्या आखाड्यालाही तालीम म्हणतात. या तालमीत सत्यदेव दुबे यांची नजर या शांत तरुणाकडे गेली. दुबे हे मोठे नाट्यदिग्दर्शक होते. त्यांनी पालेकरांना नाटकात काम करण्यास सांगितले. 1967 च्या सुमारास पालेकर रंगभूमीवर आले.

येथे थोडे थांबून दुबे यांच्याविषयी एक गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्या कामाची आहे. सत्यदेव दुबे मूळचे बिलासपूरचे. त्यांची भाषा हिंदी. मुंबईत ते आले होते क्रिकेट खेळण्याच्या इच्छेने. पण पुढे त्यांनी हिंदीबरोबर मराठी नाटकेही बसवली आणि मराठी रंगभूमीवर त्यांचे नाव आदराने घेतले जाऊ लागले. मराठी ही त्यांची आईची भाषा नव्हती, तुमच्याप्रमाणेच त्यांनी ती नंतर आपलीशी केली होती. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या गाजलेल्या नाटकावर 1971 मध्ये मराठी चित्रपट निघाला. त्याचे दिग्दर्शन दुबे यांनीच केले. त्या चित्रपटात अमोल पालेकर होते.

रंगभूमीवर पालेकर केवळ नट राहिले नाहीत. 1972 मध्ये त्यांनी 'अनिकेत' नावाची नाट्यसंस्था सुरू केली आणि स्वतः नाटके बसवू लागले. म्हणजे पाहा, चित्रपटाच्या पडद्यावर लोकांनी त्यांना नट म्हणून ओळखण्यापूर्वीच ते नाटकाचे दिग्दर्शक झालेले होते. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

त्या काळी मुंबईत दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात वेगळ्या प्रकारची नाटके होत असत. मोठा रंगमंच नाही, मखमली पडदा नाही, झगमगाट नाही. तिकीट कमी आणि प्रेक्षक थोडे, पण मन लावून पाहणारे. अशा नाटकांना प्रायोगिक नाटक म्हणतात. प्रयोग म्हणजे तजरबा. नवे काही करून पाहणे हा त्यांचा हेतू असे. पालेकर याच वातावरणात वाढले. बंगाली नाटककार बादल सरकार यांचे 'मिछिल' नावाचे नाटक आहे. ते पालेकरांनी 'जुलूस' या नावाने बसवले. जुलूस म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नकोच! या प्रकारच्या नाटकात उंच रंगमंच नसतो. नट प्रेक्षकांच्या मधूनच फिरतात, बोलतात, ओरडतात. प्रेक्षकाला वाटते, आपणही त्या जुलूसमध्ये सामील आहोत.

आता चित्रपटाकडे वळू. 1974 मध्ये बासू चटर्जी यांचा 'रजनीगंधा' हा हिंदी चित्रपट आला. मन्नू भंडारी यांच्या एका कथेवर तो आधारलेला होता. बासू चटर्जी हे त्याआधी अनेक वर्षे एका साप्ताहिकात व्यंगचित्रे काढीत असत. साध्या माणसांचे निरीक्षण करण्याची त्यांना सवय होती. त्यांना नायक हवा होता, पण तो दहा गुंडांना लोळवणारा नको होता. त्यांना हवा होता बोलघेवडा, विसराळू, वेळेवर कधी न येणारा, तरी मनाने चांगला असा कचेरीतला माणूस. पालेकर त्या भूमिकेत असे शोभले, की पाहणाऱ्याला वाटावे, हा तर आपल्या शेजारचाच!

पाठोपाठ 'छोटीसी बात' आणि 'चितचोर' हे चित्रपट आले. तिन्ही चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे केले. रौप्यमहोत्सव म्हणजे एकाच चित्रपटगृहात पंचवीस आठवडे मुक्काम. 'छोटीसी बात' मध्ये नायक एका मुलीशी बोलण्याचे धाडस करू शकत नाही. बस थांब्यावर तो रोज तिच्या मागे रांगेत उभा राहतो आणि मनातल्या मनात बोलतो. त्या काळी पडद्यावर मारामारी करणारे संतप्त नायक गाजत होते. अशा वेळी बसच्या रांगेत उभा राहणारा हा लाजाळू नायक लोकांनी डोक्यावर घेतला. कारण सोपे होते. चित्रपट पाहून बाहेर पडल्यावर प्रेक्षकही बसच्याच रांगेत उभा राहणार होता.

पण पालेकरांना एकच सोंग पुन्हा पुन्हा करायचे नव्हते. 1977 मध्ये श्याम बेनेगल यांच्या 'भूमिका' या चित्रपटात त्यांनी पत्नीच्या कमाईवर जगणाऱ्या, संशयी आणि स्वार्थी नवऱ्याचे काम केले. हंसा वाडकर या मराठी अभिनेत्रीच्या आत्मकथनावर हा चित्रपट आधारलेला आहे. नायिकेचे काम स्मिता पाटील यांनी केले आहे. लोकांना आवडणारा चेहरा असताना लोकांना चीड येईल असे काम स्वीकारणे सोपे नसते. अनेक नट अशा वेळी 'नको' म्हणतात. त्याच वर्षी 'घरौंदा' हा चित्रपट आला. त्यात मुंबईत एक छोटेसे घर मिळावे म्हणून धडपडणाऱ्या तरुण जोडप्याची कहाणी आहे.

1979 मध्ये 'गोलमाल' आला. हा चित्रपट तुमच्यापैकी पुष्कळांनी दूरदर्शनवर किंवा घरी पाहिला असेल. हृषीकेश मुखर्जी त्याचे दिग्दर्शक होते. संवाद राही मासूम रझा यांनी लिहिले होते आणि गीते गुलजार यांची होती. उर्दूच्या विद्यार्थ्यांना ही दोन्ही नावे परकी नाहीत. या चित्रपटातील मालकाची अशी ठाम समजूत असते, की ज्याला मिशी नाही तो माणूस भरवशाचा नाही. खेळांचेही त्याला वावडे असते. नोकरीसाठी नायक मिशी ठेवून जातो. मग एक दिवस खोटे कारण सांगून तो हॉकीचा सामना पाहायला जातो आणि नेमका मालकाच्या नजरेस पडतो. नोकरी वाचवण्यासाठी तो थाप मारतो, की सामन्याला गेलेला तो मी नव्हेच, तो माझा बिनमिशीचा जुळा भाऊ! आणि मग ती थाप निभावण्यासाठी त्याला दोन माणसे होऊन वावरावे लागते. एकाच चेहऱ्याने, केवळ चाल, आवाज आणि नजर बदलून, पालेकरांनी दोन माणसे उभी केली. मिशी हे निमित्त. मिशी कोणीही चिकटवील, पण खांदे पाडून चालणारा सरळमार्गी कारकून आणि छाती काढून चालणारा मजेखोर तरुण, हा फरक शरीरात आणावा लागतो. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

आता विचार करा. वय पस्तीस. हातात पुरस्कार. निर्माते दारात. असा माणूस पुढे काय करील? बहुतेक जण तेच करतील जे लोकांना आवडले आहे. पालेकरांनी 1981 मध्ये 'आक्रीत' हा मराठी चित्रपट दिग्दर्शित केला. मराठवाड्यातील मानवत या गावी 1970 नंतरच्या काळात अंधश्रद्धेपायी अनेक खून झाले होते. त्या भयंकर घटनांवर हा चित्रपट बेतला होता. पटकथा विजय तेंडुलकरांनी लिहिली. त्यात ना गोड गाणी, ना हसवणारा नायक. मुख्य भूमिका स्वतः पालेकरांनीच केली, पण ती होती एका क्रूर माणसाची. 'छोटीसी बात' चा लाजाळू तरुण ज्यांना हवा होता, ते हा चित्रपट पाहून नक्कीच दचकले असतील.

त्यांनी असे का केले? याचे उत्तर त्यांनी स्वतः अनेकदा दिले आहे. त्याचा आशय असा, की आपण शिक्षणाने चित्रकार, योगायोगाने नट, गरजेपोटी निर्माता आणि आवडीने दिग्दर्शक झालो. पुष्कळ माणसे योगायोगाने जे मिळाले त्यालाच आपली आवड म्हणू लागतात, विशेषतः त्यातून पैसा आणि टाळ्या मिळत असतील तर. पालेकरांनी या दोन गोष्टींची गल्लत केली नाही. पण या निवडीत नुकसानही होते. नट म्हणून त्यांच्या चित्रपटांना जी गर्दी झाली, ती त्यांनी दिग्दर्शित केलेल्या बहुतेक चित्रपटांना झाली नाही.

नट आणि दिग्दर्शक यांच्या कामात नेमका फरक काय, हे नीट समजावे म्हणून आपण मोरगावच्या एस.टी. स्थानकावर जाऊ. समजा, एका मुलाची उद्या सकाळी बारामतीला परीक्षा आहे. तो धावत धावत येतो. शेवटची गाडी निघून गेलेली आहे. तो एकच वाक्य बोलतो, "गाडी गेली."

नटाने विचार करायचा तो त्या मुलाचा. धाप लागली आहे का? घरी जाऊन काय सांगू, ही भीती आहे का? की उशीर करणाऱ्या मित्राचा राग आहे? हे दोन शब्द रडून म्हणता येतील, हसून म्हणता येतील, किंवा कोणालाही ऐकू न जाता पुटपुटता येतील. वर्गात पाच जणांनी म्हणून पाहा. पाच मुलगे उभे राहतील.

दिग्दर्शकाचा विचार येथे संपत नाही. गाडी जाताना दाखवायची की नाही? की फक्त रस्त्यावर उडालेली धूळ दाखवायची? मुलगा धावत येताना आपण त्याच्यासोबत धावायचे, की स्थानकावर थांबून त्याला लांबून येताना पाहायचे? चहाच्या टपरीवरचा माणूस त्याच्याकडे बघतो का? टपरीवर रेडिओ चालू आहे का? असला तर त्यावर आनंदी गाणे असावे की बातम्या? एवढे सगळे ठरवल्यावर असेही लक्षात येते, की त्या मुलाने "गाडी गेली" हे शब्द बोलण्याची गरजच नाही. खाली बसत चाललेली धूळ आणि त्याच्या हातातली कंपासपेटी यांनीच सगळे सांगितले आहे. नटाला आपले वाक्य कापलेले आवडत नाही. दिग्दर्शकाला ते कापावे लागते. पालेकर या दोन्ही बाजूंनी उभे राहिले होते, म्हणून त्यांना दोघांचेही दुःख ठाऊक होते.

पुढे 'अनकही' हा त्यांनी दिग्दर्शित केलेला हिंदी चित्रपट आला. चिं. त्र्यं. खानोलकर यांच्या 'कालाय तस्मै नमः' या मराठी नाटकावर तो आधारलेला होता. या चित्रपटातील गायनासाठी पंडित भीमसेन जोशी यांना आणि संगीतासाठी जयदेव यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. 1987 मध्ये दूरदर्शनवर त्यांची 'कच्ची धूप' ही मालिका लागली. 1990 मध्ये 'थोडासा रूमानी हो जायें' आला. त्यात दुष्काळाने सुकलेल्या गावात एक गप्पिष्ट माणूस येतो आणि 'मी पाऊस पाडतो' असे सांगतो. नाना पाटेकर यांनी ते काम केले आहे. मूळ नाटक अमेरिकेतले, पण पावसाची वाट पाहणे काय असते, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

आणि आता आपण त्या माळावर परत येऊ, जेथून निघालो होतो.

मोरगावहून दक्षिणेकडे गेले, की नीरा नदी लागते. नदी ओलांडून फलटण मागे टाकले, की माणदेश सुरू होतो. तोच रखरखीत माळ, तसेच धनगर, तशाच मेंढ्या. या माणदेशातले लेखक व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' ही कादंबरी 1955 मध्ये प्रसिद्ध झाली. मराठीतल्या उत्तम कादंबऱ्यांत तिची गणना होते. कादंबरीला तुम्ही उर्दूत 'नॉवेल' म्हणता. ही कादंबरी लहान आहे. मराठी आणखी थोडी सरावाची झाली, की तुम्ही ती स्वतः वाचू शकाल.

तिची गोष्ट अशी. औंध संस्थानातल्या एका लहानशा धनगरवाडीवर एका तरुण शिक्षकाची नेमणूक होते. तो पहाटे एकटाच चालत निघतो. वाडीवर शाळा आहे, पण शाळेत मुले नाहीत. मुलांनी शिकायला बसायचे, तर मेंढ्यांमागे कोणी जायचे? वाडीतला म्हातारा कारभारी आधी मास्तरला पारखून घेतो, मग त्याच्या पाठीशी उभा राहतो. हळूहळू मुले येऊ लागतात. मास्तर लोकांची पत्रे लिहून देतो, भांडणे मिटवतो. वाडीसाठी एक तालीम बांधावी, असे त्याच्या मनात येते. ही दुसरी तालीम, कुस्तीची. लोक स्वतः राबतात आणि तालीम उभी राहते. तिच्या उद्घाटनाला संस्थानचे राजे येतात. पण पुढे पाऊस दगा देतो. चारा संपतो, पाणी संपते. माणसे मेंढ्या घेऊन निघून जातात. जी वाडी मास्तरने उभी केली, ती त्याच्या डोळ्यांदेखत रिकामी होते.

1995 मध्ये अमोल पालेकरांनी या कादंबरीवर त्याच नावाचा मराठी चित्रपट केला. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला.

मला या चित्रपटाविषयी नेहमी एक प्रश्न पडतो. मुंबईत जन्मलेला, बँकेत नोकरी केलेला, बसच्या रांगेतला नायक म्हणून गाजलेला माणूस धनगरांच्या वाडीचा चित्रपट कसा काय करू शकला? थोडे उत्तर कादंबरीतच आहे. बनगरवाडीचा मास्तरही बाहेरून आलेला आहे. त्याला मेंढ्या राखता येत नाहीत, वाडीच्या चालीरीती ठाऊक नाहीत. तो आधी पाहतो, ऐकतो आणि मग बोलतो. कॅमेऱ्यालाही तसेच वागावे लागते. परक्या गावात शिरताना जो आधी बोलू लागतो, त्याला लोक खरे काही सांगत नाहीत.

दुसरे उत्तर चित्रकलेत आहे. व्यंकटेश माडगूळकर स्वतःही चित्रे काढीत असत. त्यांचे लिखाण वाचताना ओळींतून रेषा दिसतात. म्हणजे लेखक चित्रकार आणि दिग्दर्शकही चित्रकार! रिकामा माळ दाखवणे फार कठीण असते. त्यात 'काही नसते'. अशा रिकामेपणाला अर्थ द्यायचा, तर माणूस चौकटीत कोठे ठेवायचा, आभाळ किती घ्यायचे आणि जमीन किती, हे रंगांच्या पेटीजवळ बसूनच शिकता येते. पालेकरांच्या अनेक चित्रपटांचे छायाचित्रण देबू देवधर यांनी केले आहे. दिग्दर्शक आणि छायाचित्रकार यांची नजर जुळली, की पडद्यावरचा माळ नुसता माळ राहत नाही.

ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही, त्यांनी शिक्षकांना विनंती करून तो जरूर पाहावा. पाहताना एक करावे. पाच मिनिटे आवाज बंद करून पाहावे. शब्द न समजताही किती समजते, ते तपासावे. मग आवाज सुरू करून तोच भाग पुन्हा पाहावा. भाषा शिकणाऱ्याला हा फार उपयोगी सराव आहे, असा माझा अनुभव आहे.

यानंतरच्या त्यांच्या चित्रपटांची नावे पाहा: 'दायरा', 'कैरी', 'ध्यासपर्व', 'पहेली'. पहिले आणि शेवटचे नाव तुम्हांला अर्थासह ठाऊक आहे. 'कैरी' जी. ए. कुलकर्णी यांच्या कथेवर आहे. 'ध्यासपर्व' हा 2001 मधला चित्रपट समाजसुधारक र. धों. कर्वे यांच्या जीवनावर आहे. कर्वे यांनी लहान कुटुंबाचा विचार अशा काळात मांडला, जेव्हा तो ऐकून घ्यायला फारसे कोणी तयार नव्हते. त्यासाठी त्यांना आपली प्राध्यापकाची नोकरी गमवावी लागली. पालेकरांना असा एकटा पडलेला, तरी मागे न फिरणारा माणूस चित्रपटाचा विषय वाटला, यात मला नवल वाटत नाही.

'पहेली' 2005 मध्ये आला. राजस्थानी लेखक विजयदान देथा यांच्या एका लोककथेसारख्या गोष्टीवर तो आधारलेला आहे. शाहरुख खान आणि राणी मुखर्जी यांच्यासारखे मोठे तारे, राजस्थानची रंगीत वस्त्रे आणि गोष्ट सांगणाऱ्या दोन कठपुतळ्या, असा त्याचा थाट होता. भारताने ऑस्कर पुरस्कारासाठी त्या वर्षी हाच चित्रपट पाठवला होता. पटकथा संध्या गोखले यांनी लिहिली होती. मेंढ्यांच्या करड्या माळावरून थेट राजस्थानच्या लाल-पिवळ्या रंगांत! पण दोन्ही ठिकाणी कथा दुसऱ्याच्या प्रदेशातली, दुसऱ्याच्या बोलीतली. बंगालीतून 'जुलूस', मराठीतून 'बनगरवाडी', राजस्थानीतून 'पहेली'. मला वाटते, पालेकरांच्या दिग्दर्शनाची खरी भूक येथे दिसते. नट असताना प्रेक्षक त्यांच्याकडे पाहून म्हणत, 'हा आपल्यासारखाच आहे.' दिग्दर्शक झाल्यावर ते स्वतः अशा माणसांकडे गेले, जी त्यांच्यासारखी नव्हती.

या सगळ्या वर्षांत अभिनय मात्र जवळजवळ सुटला होता. रंगमंचावर तर ते पंचवीस वर्षे उभे राहिले नाहीत. मग 2019 च्या नोव्हेंबर महिन्यात, वयाची पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत असताना, ते 'कुसूर' या हिंदी नाटकात पुन्हा नट म्हणून उभे राहिले. नाटकातला माणूस पोलिसांच्या नियंत्रण कक्षात बसलेला असतो. एक दूरध्वनी येतो. पलीकडे संकटात सापडलेले कोणी तरी आहे. आपल्याला दिसतो तो फक्त हा म्हातारा अधिकारी आणि ऐकू येतात ते आवाज. पुढे काय होते आणि कुसूर कोणाचा निघतो, ते सांगून मी नाटकाची मजा घालवणार नाही. पण ज्या दिग्दर्शकाने आयुष्यभर इतरांना 'येथे उभे राहा, तेथे पाहा' असे सांगितले, तो पंच्याहत्तराव्या वर्षी पुन्हा पाठांतर करून, दिव्यांच्या झोतात, चूक झाली तर दुरुस्त करता येत नाही अशा जागी उभा राहिला. चित्रपटात दृश्य पुन्हा घेता येते, नाटकात घेता येत नाही. त्यानंतर 2021 मधल्या '200 हल्ला हो' आणि 2023 मधल्या 'गुलमोहर' या चित्रपटांतही त्यांनी कामे केली. हातातला कुंचलाही त्यांनी पुन्हा उचलला.

2024 मध्ये पालेकरांचे मराठी आत्मकथन प्रसिद्ध झाले. त्याचे नाव 'ऐवज'. हा शब्द उच्चारून पाहा. तुमच्या उर्दूतला 'एवज'च आहे तो. उर्दूत त्याचा अर्थ 'बदला, मोबदला, एका गोष्टीच्या जागी दिलेली दुसरी गोष्ट'. मराठीत येता येता शब्दाने वेश बदलला. मराठीत 'ऐवज' म्हणजे जपून ठेवलेली मौल्यवान चीजवस्तू. चोरी झाली, की वर्तमानपत्रात छापून येते, 'चोरांनी एवढ्या रुपयांचा ऐवज लांबवला.' बँकेतली नोकरी देऊन नाटक घेतले, नटाची गर्दी देऊन दिग्दर्शकाची चौकट घेतली, अशा माणसाच्या पुस्तकाला हे नाव आहे. तुम्ही ते उर्दू अर्थाने वाचाल की मराठी अर्थाने, हे वर्गात एकमेकांना विचारून पाहा.